पावणेबाराचा भोंगा

आता सांगायचं म्हणजे माझीच अब्रू जाती, आणि न सांगावं तर तुम्ही हा किस्सा आमच्या हिच्या तोंडून ऐकणार. तिच्या सांगण्यात म्हैस जास्त आणि मी कमी असतो, आणि जेवढा असतो तेवढा बावळट असतो. त्यापेक्षा मीच सांगतो. चहा घ्या, बटर बुडवा, आणि घोट गिळल्यावरच हसा. मधेच ठसका लागला तर तेही खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं.

आमचं गाव कोल्हापुरापासनं एस.टी.नं दीड तासावर, कर्नाटकाच्या अंगाला. खेडं म्हणावं तर नगरपालिका आहे, शहर म्हणावं तर रस्त्यात म्हशी बसतात. पेठेत माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. लोक मला घड्याळजीच म्हणायचे. माझं खरं नाव रेशनकार्डाशिवाय कुठं वापरात नव्हतं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी नगरपालिकेवर निवडून आलतो. कसा म्हणाल, तर माझ्या विरोधात उभा राहणारा फॉर्म भरायला वेळेत पोचलाच नाही. त्याचं घड्याळ बंद होतं. माझ्याकडंच दुरुस्तीला पडलं होतं. आता त्यात माझा हात होता असं काही लोक म्हणतात. म्हणू द्यात.

निवडून आल्यावर पाणीपुरवठा, बांधकाम, बाजार असल्या समित्या जाणत्यांनी पटापट उचलल्या. खाली उरली ती सार्वजनिक सुरक्षितता समिती. तिचा सभापती मी. समितीकडे एक मोडका कंदील, एक शिट्टी आणि एक वही होती. शिट्टीत गोटी नव्हती.

पण नशीब बघा. त्याच साली वरनं नगरपालिकेला थोडी रक्कम आली आणि सोबत कागद आला. रक्कम सुरक्षिततेवरच खर्च करायची, आणि एकाच कामावर करायची. झालं. इतके दिवस गावात कुणाला असुरक्षित वाटत नव्हतं, कागद आल्यापासनं सगळ्यांना वाटायला लागलं.

सभा बसली. सुरक्षिततेचं पहिलं काम कोणतं, एवढंच ठरवायचं होतं. अध्यक्षांना वेशीवर स्वागत कमान पाहिजे होती. कमान दिसली की ड्रायव्हर गाडी हळू करतो आणि अपघात टळतात, असं त्यांचं म्हणणं. एकाला तालमीत नवी माती पाहिजे होती. पैलवान तयार झाले की गावाचं रक्षण आपसूक होतंय म्हणे. एकाला मोकाट कुत्री धरायची गाडी पाहिजे होती, कारण त्यांना स्वतःला दोनदा कुत्रं चावलं होतं. आगीचा बंब घ्यावा असंही कुणी म्हणालं, पण त्या रकमेत बंबाची चाकंच आली असती. नुसती चाकं घेऊन आगीमागं कुठं पळायचं?

तेवढ्यात हौसाक्का उठल्या. हौसाक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्याच, माझ्या घरामागच्या परड्याला लागून त्यांची चुरमुऱ्याची भट्टी. बायकांच्या जागेवरनं निवडून आलेल्या. वर्षातनं एकदा बोलायच्या, पण बोलल्या की समोरच्याला पुढचं वर्षभर पुरायचं.

त्यांचं म्हणणं साधं. चौकाचौकात भिंतीला खुंट्या मारा, त्यावर पाण्याच्या आणि वाळूच्या बादल्या टांगा, आणि ज्या विहिरीवर रहाट नाही तिथं रहाट बसवा. बस्स.

मी हसलो. आता आठवलं की कानशिलं तापतात, पण हसलो. म्हटलं, अक्का, बादल्या दुसऱ्या दिवशी चोरीला जातील आणि लोकांच्या न्हाणीत सापडतील. सभा खो खो हसली. मग मी माझा भोंगा काढला.

भोंग्याचं असं झालं होतं. एकाहत्तरच्या लढाईत मी सुट्या भागांसाठी कोल्हापूरला गेलतो, तेव्हा तिथं भोंगा वाजलेला ऐकला. माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं नव्हे, हेव्यानं. असा आवाज आपल्या गावाला का नसावा? तेव्हापासनं ते डोक्यात होतं. उभं राहून भाषणच ठोकलं की मी. आग विझवायला गावात हजार हात आहेत, ते हात गोळा करणारा आवाज नाही, वगैरे वगैरे. मलाच माझं कौतुक वाटायला लागलं.

हौसाक्का बसल्या जागेवरनं म्हणाल्या, "आग लागली की माणूस आपसूक आरडतंय, घड्याळजी. आरडायला पैसं पडत न्हाईत. पाणी जवळ पायजे."

दोन-चार माना डोलायला लागल्या. माझा भोंगा हातातनं चालला, हे मला दिसलं. मग मी शेवटचं पान टाकलं. म्हटलं, भोंगा नुसता आगीला नव्हे, वेळेलाही वाजेल. सकाळी नऊ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. गावाला घड्याळाची गरजच उरणार नाही.

घड्याळजी असून मी असं म्हणालो, हे लक्षात घ्या. अकलेचा प्रश्न तिथंच मिटायला पाहिजे होता. पण सगळ्यांनी हात वर केले. आगीसाठी एकानं केला नव्हता, जेवणाच्या वेळेसाठी सगळ्यांनी केला. एक हौसाक्काच तेवढ्या हात खाली ठेवून बसल्या.

नगरपालिकेच्या गच्चीवर भोंगा बसला. तो वाजवायचं काम बाबालालकडं आलं. बाबालाल मुल्ला म्हणजे ऑफिसातला शिपाई. त्याचे वडील गावात दवंडी द्यायचे, त्यामुळं लोकांना ओरडून सांगणं त्यांच्या घरातच होतं. माणूस इतका सरळ की सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणार, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला तो माझ्या दुकानात यायचा, माझ्या घड्याळावर आपलं मनगटी घड्याळ लावून घ्यायचा आणि त्यावर पुढचे तीन भोंगे वाजवायचा. म्हणजे भोंगा नगरपालिकेचा, पण वेळ माझी. हे नीट ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून तर हा किस्सा.

महिन्याभरात अख्खं गाव भोंग्यावर चालायला लागलं. नऊला दुकानं उघडायची, बाराला शाळेची मधली सुट्टी व्हायची, सहाला गिरणी बंद. बायका भोंग्यावर भात टाकायच्या. आणि नऊचा भोंगा वाजला की त्याच सेकंदाला माझ्या दुकानाची फळी निघायची. लोक मुद्दाम बघायला थांबायचे हो! फळी निघाली की म्हणायचे, घड्याळजी म्हंजे घड्याळजी. माझी छाती अशी फुगायची की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी.

आता आगीचं. नियम असा होता, वेळेचा भोंगा एकदा आणि आगीचा तीनदा. एकदा चाचणी म्हणून तीनदा वाजवून बघितला. काय सांगू तुम्हाला! अर्धी पेठ दुकानं उघडी टाकून माळावर पळाली. कुणाला वाटलं लढाई लागली, कुणाला वाटलं धरण फुटलं. एक म्हातारा तर गादीसकट पळाला. अध्यक्षांनी मला बोलावून असा झाडला, असा झाडला, की मी घरी येऊन जेवलो नाही.

मग मी नवा नियम लिहिला. स्वतःच्या हातानं. आगीची खबर आली की शिपायानं आधी एक भोंगा वाजवावा. मग वहीत ठिकाण लिहावं. मग सभापतींची सही घ्यावी. सही मिळाल्यावर उरलेले दोन वाजवावेत.

नियम मला इतका आवडला की मी तो काचेच्या चौकटीत घालून भोंग्याच्या बटणाशेजारी लावला. बाबालालनं तो दोनदा वाचला आणि डोकं खाजवलं. "मेंबरसाब, आग सहीपातूर थांबंल व्हय?"

मी म्हटलं, बाबालाल, राज्यकारभाराला शिस्त लागते. आणि वर आणखी शहाणपण केलं. महिन्यातनं एकदा अचानक तालीम घ्यायची म्हणून सांगितलं. आग लागली असं समजून सगळं करायचं, वहीत कुठलाही पत्ता लिहायचा, आणि मला आधी अजिबात सांगायचं नाही. आग काय विचारून लागते का? बाबालाल बरं म्हणाला.

इकडं हौसाक्कांनी गप्प बसून आपल्या भट्टीच्या भिंतीला खुंट्या मारल्या आणि सहा बादल्या पाण्याच्या, दोन वाळूच्या टांगल्या. मी काय केलं असेल? नोटीस पाठवली. सार्वजनिक भिंतीवर अतिक्रमण, आठ दिवसांत बादल्या काढाव्यात. बाबालाल नोटीस घेऊन गेला आणि त्याच नोटिशीत बांधलेले चुरमुरे खात परत आला.

तर मंडळी, एवढी सगळी लाकडं मी रचून ठेवली. आता काडी कशी लागली ते ऐका.

आमची ही इचलकरंजीला गेली, बहिणीच्या बाळंतपणाला, चार दिवसांसाठी. घरात दोन जीव राहिले, मी आणि चंद्री. चंद्री म्हणजे म्हैस. हिनं रेडकू असल्यापासनं वाढवलेली, आणि दिवस भरत आलेले. हिचा माझ्यावर जेवढा जीव आहे त्याच्या दुप्पट चंद्रीवर, आणि हे ती मला तोंडावर सांगते. निघताना पिशवी खाली ठेवून तिनं मला सगळं समजावलं. वैरण किती, पाणी किती, पेंड किती. चिलटं फार झाली होती म्हणून सकाळी घमेल्यात दोन शेण्या पेटवून गोठ्यात धूर घालायचा. आणि दुकानाला जाताना त्या घमेल्यात तांब्याभर पाणी ओतायचं.

"शेवटचं तेवढं इसरू नका," ती म्हणाली. माझ्याकडनं ते तीनदा म्हणून घेतलं, पाढे म्हणून घ्यावेत तसं. मी म्हटलं, अगं, गावाची सुरक्षितता माझ्याकडं आहे. ती म्हणाली, म्हणून तर काळजी वाटती.

पहिले दोन दिवस व्यवस्थित गेले. तिसऱ्या दिवशी जरा उशीर झाला. धूर घातला, चंद्री समाधानानं कान हलवत उभी राहिली. मी तांब्या भरून कट्ट्यावर ठेवला, सदरा अंगात घातला, आता पाणी ओतायचं आणि निघायचं, तेवढ्यात नऊचा भोंगा वाजला.

नऊचा भोंगा वाजला आणि माझी फळी निघाली नाही! पेठेत लोक बघत उभे असतील. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. सायकल काढली आणि पायंडल मारत सुटलो. तांब्या कट्ट्यावर, घमेलं गोठ्यात, आणि गोठ्याला लागून कडब्याची गंज. वरचं छप्परसुद्धा उसाच्या पाचटाचं.

दुकानात आलो, दोघा-चौघांनी आपल्या मनगटाकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून कामाला लागलो. घमेल्याची आठवण? नावाला नाही.

माझ्या भिंतीवर टोल्याची सात घड्याळं होती, गिऱ्हाइकांची, दुरुस्त होऊन तपासणीला लावलेली. सात घड्याळं एका वेळेला ठोका टाकतात तेव्हा घड्याळजीला काय वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं. त्या दिवशी सातही अगदी जुळली होती. मी भिंगातनं एक बारीक चाक बघत होतो आणि भोंगा वाजला.

मी मान वर केली. सातही घड्याळं पावणेबारा दाखवत होती.

आता शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? भोंगा चुकला. एक घड्याळ चुकेल, दोन चुकतील, सात कशी एकदम चुकतील? पण समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवून डबा सोडला. शाळेची घंटा झाली, पोरं ओरडत बाहेर पडली. हॉटेलवाल्यानं ताटं मांडली. अख्खं गाव एका बाजूला आणि माझी सात घड्याळं एका बाजूला. शिवाय भोंगा माझ्याच पोटचा. तो कसा खोटं बोलेल? त्याला वेळ देणारा मीच, हे डोक्यात आलं नाही ते नाहीच. मी स्टूल घेतलं आणि सातही घड्याळं एकेक करून बारावर आणली. प्रत्येकानं बारा बारा ठोके दिले. तेवढ्या वेळात तिकडं काय पेटत होतं ते मला काय माहीत?

सातवं घड्याळ लावून खाली उतरतोय तोवर बाबालाल धापा टाकत आत आला. बगलेत वही.

"मेंबरसाब, आग लागलीया. सही द्या."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तालीम! या महिन्याची तालीम राहिलीच होती. म्हणजे मघाचा भोंगा बाराचा नव्हता, तालमीचा पहिला होता. मला इतका आनंद झाला. आपण नियम करावा आणि एक माणूस तो पाळतोय, हे आपल्या देशात कितीजणांच्या नशिबी येतं? मी ऐटीत वही उघडली. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं होतं, घड्याळजींचं परडं.

मला हसू आलं. म्हटलं, वा रे पठ्ठ्या, पत्ता चांगला निवडलास. सभापतीच्या घरापासनंच सुरुवात!

"निवडला न्हाय, साब. खरंच हाय. गोठा पेटलाय."

"असंच पाहिजे," मी म्हणालो. "खऱ्यासारखंच बोलायचं. शाबास."

"म्हस आत हाय, मेंबरसाब."

मी भिंग काढून त्याच्याकडं बघितलं. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. म्हटलं, बाबालाल, तू म्हशीचाही विचार केलास. एवढं बारीक मलाही सुचलं नसतं. आग खरी म्हटल्यावर मेंबर धावेल, एवढंच बिचाऱ्याला ठाऊक. आणि मेंबर तर कौतुक करत बसलेला. मी टाक शाईत बुडवला, शेऱ्याच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मंजूर', आणि खाली सही केली. वर त्याला चहा घेऊन जा म्हणालो. तो चहाला थांबला नाही. जाताना त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं माणूस संसारातनं पार सुटलेल्या साधूकडं बघतो.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी घमेलं आठवायला पाहिजे होतं. तेव्हा मला काय आठवलं सांगू? घड्याळं! भोंगा बाराचा नव्हता म्हणजे सातही बरोबर होती आणि मी सातही बिघडवून ठेवली. आणि टोल्याचं घड्याळ बाराच्या अलीकडं उलटं फिरवता येत नाही, ठोक्याची चावी बिघडते. मग काटा पुढंच फिरवत न्यायचा, एक, दोन, तीन करत, प्रत्येक तासाला थांबून त्याचे ठोके पुरे होऊ द्यायचे, असं पार पावणेबारापर्यंत. एका घड्याळाचे सहासष्ट ठोके, अर्ध्या तासाचे वेगळे. आणि अशी सात घड्याळं.

मी सगळ्यांवर एकदम हात टाकला. एकाचे तीन होईपर्यंत दुसऱ्याचे सहा, तिसऱ्याचे नऊ. दुकानात असा घणघणाट की जणू देवळात महाआरती चाललीय. समोरचा शिंपी दारात येऊन हातवारे करून काहीतरी ओरडत होता. मला वाटलं आवाजानं वैतागला, मी हातानंच त्याला थांब म्हटलं. लोक पेठेतनं पळत होते. मी मनात म्हटलं, तालमीला उत्साह आहे लोकांना. तेवढ्यात मंजूर झालेले दोन भोंगे वाजले. माझी मान समाधानानं हलली.

आणि मग दुकानासमोर सगळा आवाज थांबला. ठोके तेवढे चालू होते.

दारात हौसाक्का उभ्या. पदर खोचलेला, तोंड काजळीनं काळं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. हातात कासरा. कासऱ्याला चंद्री. मागं आमची निम्मी गल्ली, ज्याच्या त्याच्या हातात रिकामी बादली.

आणि मी काय बोललो? "अक्का, तालमीत तुम्हीसुद्धा?"

हौसाक्कांनी चंद्रीला हळूच फिरवलं आणि तिची शेपटी मला दाखवली. शेपटीचा गोंडा करपून नुसता बुडखा राहिला होता. जळक्या केसांचा वास दुकानात आला, आणि तेव्हा, तेव्हा मला घमेलं दिसलं. डोळ्यांसमोर, कट्ट्यावरच्या तांब्यासकट.

स्टुलावरनं उतरलो का पडलो ते आठवत नाही. जाऊन चंद्रीच्या गळ्याला मिठी मारली. भर पेठेत रडलो. लाज वाटली नाही, खरं सांगतो. ती बिचारी रवंथ करत उभी. तिला वाटलं असेल, मालकांना आज माझी फारच आठवण आली.

हळूहळू कळलं ते असं. धूर पहिल्यांदा हौसाक्कांना दिसला. त्यांनी एकाला नगरपालिकेत पिटाळलं, तिकडं पहिला भोंगा झाला, आणि तो ऐकून सगळं गाव जेवायला बसलं. मग त्या नुसत्या ओरडल्या. गल्ली गोळा झाली. पेटलेल्या छपराखालनं त्यांनी स्वतः आत जाऊन दावं कापलं, आणि खुंटीवरच्या सहा बादल्या आणि दोन वाळूच्या आधी पडल्या म्हणून गंजीचा जाळ घराला लागला नाही. पुढचं पाणी विहिरीवरनं आलं. मी 'मंजूर' लिहीत होतो तोवर तिकडं निम्मं विझलंही होतं.

मी हात जोडले. नोटिशीबद्दल तरी काहीतरी बोलावं म्हणून घसा खाकरला, तर त्यांनी हात हलवून ते उडवून लावलं.

"ऱ्हाऊ द्या. किती वाजलं तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "भट्टी तशीच टाकून आलिया."

मी भिंतीकडं बघितलं. एकात तीन वाजले होते, एकात साडेसात, एकात दहा, एक मधेच अडकलं होतं आणि एक अजून ठोके टाकत होतं. अख्ख्या गावाला वेळ देणारा माणूस. वेळ सांगता येईना.

गल्लीनं बराच वेळ दम धरला होता. तेवढं झालं आणि सगळे एकदम फुटले. मीही हसलो. काय करणार?

संध्याकाळच्या एस.टी.नं ही आली. कुणीतरी निरोप धाडला होता. ती तडक परड्यात गेली. छप्पर गेलेलं, गंज काळी ठिक्कर, चंद्री हौसाक्कांच्या ओसरीला बांधलेली. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण तिची नजर कट्ट्यावर गेली. तांब्या तसाच होता, काठोकाठ भरलेला. तिनं तो उचलून माझ्या हातात दिला.

"प्या आता," ती म्हणाली.

प्यालो. सगळा प्यालो.

रात्री भाकरी वाढताना तिनं सगळं माझ्या तोंडून ऐकलं, आणि घड्याळांपाशी आलो तेव्हा थांबवलं. तिला एकच समजेना. पंधरा मिनिटंच मागं आणायची होती ना, मग लंबक पंधरा मिनिटं हातानं धरून का ठेवले नाहीत? बावीस वर्षं मी तो धंदा केला होता. मला ते सुचलं नव्हतं.

पुढच्या सभेत बादल्यांचा ठराव मीच मांडला. खुंट्या, बादल्या, वाळू, रहाट, सगळं हौसाक्कांनी सांगितलं होतं तसं. रक्कम भोंग्यात गेली होती, म्हणून आम्ही सभासदांनी घरटी एकेक बादली आणून सुरुवात केली. माझ्या घरच्या दोन. भोंगा ठेवला, पण सहीचा नियम काढला. काचेची चौकट मी स्वतः उतरवली.

तिथंच मिटलं असतं हो. पण अध्यक्षांनी विचारलं की आग लागल्यावर उरलेले दोन भोंगे इतक्या उशिरा का वाजले? बाबालाल उभा राहिला. सरळ माणूस, त्याच्या मनात काही पाप नाही. वही उघडली आणि दवंडी द्यावी तशा खणखणीत आवाजात वाचलं, "ठिकाण, घड्याळजींचं परडं. बाब, आग. शेरा, मंजूर. सही, सभापती."

सभा अर्धा तास थांबवावी लागली. हौसाक्कांना पाणी द्यावं लागलं.

दहा दिवसांनी चंद्री व्याली. छान काळीभोर रेडी झाली. मी दुकानातनं पळत आलो, या वेळी भोंग्याची वाट न बघता. हौसाक्का बघायला आलेल्या. ही रेडकाला पुसत बसली होती. मी म्हटलं, नाव काय ठेवायचं? हिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नाव तर कधीच ठरलंय म्हणाली.

पुढं चौदा वर्षं रोज दोन वेळा, धारेच्या टायमाला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ही परड्यातनं हाक मारायची, "मंजुरी, ये गं!" म्हैस रेकायची, आणि घरात मी बसल्या जागी दचकून उठायचो, घमेल्यात पाणी ओतलंय का ते बघायला.